चौघांची हजेरी: परीक्षा शुल्क माफीच्या पाठपुराव्याचं एक प्रकरण

हे प्रकरण 2018-19 या शैक्षणिक वर्षातलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, काही हुद्दे आणि तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होतो आणि रासेयोचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कार्यक्रम अधिकारी होतो. म्हणजे मी काठावर उभा राहून बघणारा नव्हतो, आणि पुढे येणाऱ्या चुकांपैकी निदान दोन सरळ माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

बालाघाटाच्या डोंगराखालचं तालुक्याचं गाव. अनुदानित महाविद्यालय, कला आणि विज्ञान मोठं, वाणिज्य नावापुरतं. पोरं आसपासच्या वाड्यातांड्यांवरून येतात. बऱ्याच घरांतले आई-वडील दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. घरी आजी, धाकटी भावंडं, दोन शेळ्या आणि कॉलेजला जाणारं लेकरू.

2018 च्या पावसाळ्यात ऑगस्टनंतर पाऊस जो गेला तो गेलाच. 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. 112 तालुक्यांत गंभीर, 39 मध्ये मध्यम. पूर्वी सगळी भिस्त आणेवारीवर, म्हणजे पीक किती आणे आलं या अंदाजावर असायची. या वेळी 2016 च्या दुष्काळ संहितेप्रमाणे पावसाची तूट, पिकांची स्थिती, जमिनीतली ओल असे निर्देशांक लावले होते. आमचा तालुका यादीत होता, नदीपलीकडचा नव्हता. तिकडची पोरंही आमच्याच वर्गात बसत. काही दिवसांनी सरकारने यादीबाहेरच्या तालुक्यांतली 268 महसूल मंडळं (तालुक्यातले काही गावांचे गट) आणखी धरली, आणि मग एकाच बाकावरच्या दोघांपैकी एक दुष्काळग्रस्त, दुसरा नाही, असंही होऊ लागलं.

दुष्काळ जाहीर झाला की ठरलेल्या आठ सवलती लागू होतात. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, लागेल तिथे टँकर, पंपाची वीज न तोडणं. आणि या सगळ्यांच्या मधे एक ओळ: शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी.

ही ओळ आमच्या ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचताना बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने वाचली. हिवाळी परीक्षेचे फॉर्म सप्टेंबरातच भरून झाले होते. विषय आणि प्रात्यक्षिकं यांप्रमाणे 600 ते 900 रुपये प्रत्येकाने मोजले होते. व्हरांड्यात गाठून तिने मला विचारलं, "सर, मग आपले पैसे परत यायलेत का?"

मी म्हणालो, "येतील की. परिपत्रक येऊ दे."

ही माझी पहिली चूक. वाट बघण्यात नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला.

पेच कुठे होता

जानेवारीत नोटीस लागली: उन्हाळी परीक्षेचे फॉर्म अमुक तारखेपर्यंत शुल्कासह भरावेत, त्यानंतर विलंब शुल्क. माफी जाहीर होऊन दोन महिने उलटल्यावर तेच शुल्क पुन्हा मागितलं जात होतं.

कार्यालयात मोठ्या बाबूंना विचारलं तर त्यांनी संगणकाचा पडदाच माझ्याकडे वळवला. फॉर्म ऑनलाइन, शेवटी चलन तयार होतं, चलनावर रक्कम शून्य करायची सोयच नाही. "विद्यापीठाचं लेखी काही नाही, सर. पैसे नाही भरले तर फॉर्म पुढं सरकत नाही. आणि फॉर्म नाही सरकला तर हॉल तिकीट नाही. मग हीच पोरं माझ्या नावानं बोंब मारतील." यात खोटं काही नव्हतं. प्राचार्यांचीही तीच अडचण. शासनाची घोषणा एका खात्याची, पैसे दुसऱ्या खात्यातून यायचे, वसुली विद्यापीठासाठी, आणि वसूल करणारा हात कॉलेजचा. राग मात्र जो समोर दिसतो त्याच्यावरच निघतो.

आणखी एक अडचण होती, ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही. मुलांच्या वतीने बोलायचं कुणी? 1994 च्या विद्यापीठ कायद्यापासून महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद. 2016 च्या नव्या कायद्याने त्या परत आणायची तरतूद केली, पण या वर्षापर्यंत आमच्याकडे मतपेटी काही आली नव्हती. विद्यार्थी परिषद म्हणजे गुणवत्तेनुसार नेमलेली चार-सहा नावं आणि स्नेहसंमेलनातले फेटे. त्यामुळे "आम्ही सगळ्यांच्या वतीने आलोय" असं म्हणायला कुणाकडे काही आधारच नव्हता.

इथे जरा विषय सोडून. मराठवाड्यात विद्यार्थी चळवळीची स्मृती फार मोठी आहे. 1938 चं वंदे मातरम् आंदोलन, 1974 चं विकास आंदोलन, 1978 ते 1994 असा सोळा वर्षं चाललेला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा. आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्यांचे काका-मामा कुठल्या ना कुठल्या आंदोलनात काठ्या खाऊन आलेले. त्या मानाने सातशे रुपयांची पावती म्हणजे अगदीच किरकोळ. एक ज्येष्ठ सहकारी म्हणालेही, "एवढ्यासाठी आंदोलन?" पण सातशे रुपये म्हणजे त्या घरात काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मोठ्या लढ्यांच्या सावलीत लहान मागणी लाजते, एवढंच.

समोर असलेले पर्याय

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तीसेक पोरं जमली. मीही होतो, जरा कडेला. चर्चा दोन तास चालली आणि अधूनमधून चांगलीच तापली.

बीए तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा रात्री पेट्रोल पंपावर काम करायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: कार्यालयाला टाळं ठोकायचं. एका विद्यार्थी संघटनेच्या तालुक्याच्या पदाधिकाऱ्याने त्याला शब्दही दिला होता की कुलूप आम्ही आणतो, पत्रकार आम्ही आणतो, तुम्ही फक्त पोरं आणा. दुसरा पर्याय सामूहिक बहिष्काराचा: लेखी माफी येईपर्यंत कुणीच फॉर्म भरायचा नाही. ऐकायला जोरदार, पण तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या चेहऱ्यावरचं पाणी पळालं. वर्ष गेलं तर? पोलीस भरती, पुण्याकडची नोकरी, लग्न, सगळं त्या निकालावर लटकलेलं. तिसरा मार्ग भरून टाकून नंतर परतावा मागण्याचा. सगळ्यात सुरक्षित, आणि ज्यांच्याकडे भरायलाच नव्हते त्यांच्या काही कामाचा नाही. चौथा म्हणजे संस्थेनेच अशा मुलांचे पैसे तूर्त भरावेत, परतावा आला की वळते करून घ्यावेत.

बीएस्सीची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी कोणाचे किती गेले ते तर लिहू. आपल्यालाच माहीत नाही आपण किती जण आहोत." पंपावरचा मुलगा चिडला, पोरांना वह्या देऊन काय आंदोलन होतंय का, म्हणाला. पण त्याच्यापाशी तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं की तीन दिवस नोंदणी, मग प्राचार्यांना निवेदन, आणि टाळं राखून ठेवायचं.

माझ्या मते पहिला खरा निर्णय हाच. त्या दिवशी टाळं ठोकलं असतं तर दुपारपर्यंत पोलीस आले असते, संध्याकाळी ते उघडलं असतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात संघटनेच्या पदाधिकाऱ्याचा फोटो असता.

प्रत्यक्षात काय केलं

तीन दिवसांत दोनशे पानी तीन वह्या भरल्या. नाव, वर्ग, गाव, तालुका, पावती क्रमांक, रक्कम, आणि शेवटचा रकाना: पैसे कुठून आणले. हा रकाना मुलीने आपल्या मनाने घातला होता. शेळी विकली. बापाने उचलीतले ठेवले होते. बचत गटातून. मामाने दिले. एका नोंदीत नुसतंच "आईचं", पुढे काही नाही. प्राचार्यांनी त्या वह्या चाळल्या तेव्हा ते बराच वेळ त्याच रकान्यावर होते, आणि त्यानंतर त्यांचा सूर उतरला. आमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तो रकाना ठरला, जरी कुठल्याच नियमात त्याला जागा नव्हती.

वह्यांतून एक भलतीच गोष्टही निघाली. पावत्या शेजारीशेजारी ठेवल्यावर दिसलं की परीक्षा शुल्क, अर्ज शुल्क, गुणपत्रिका शुल्क यांखाली "इतर" म्हणून 50 रुपये सगळ्यांकडूनच घेतलेले आहेत. हे विद्यापीठाच्या शुल्कपत्रकात कुठेच नव्हतं. आता या माहितीचं करायचं काय? पंपावरचा मुलगा म्हणाला, छापून आणू. मी म्हणालो, आधी प्राचार्यांशी बोलू. बोललो. ते म्हणाले की स्टेशनरीचा खर्च निघत नाही, वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, पण उन्हाळी फॉर्मला हे घेणार नाही. मात्र तुम्ही हा विषय बाहेर नेऊ नका. आणि आम्ही नेला नाही.

मला तेव्हा ही तडजोड शहाणपणाची वाटली होती. आज वाटत नाही. हिवाळी परीक्षेला ज्यांनी ते 50 रुपये भरले त्यांना ते कधीच परत मिळाले नाहीत, आणि त्यांच्या वतीने गप्प बसायचा अधिकार आम्हाला कुणी दिला नव्हता.

निवेदन लिहिताना पुढचा पेच. पहिली सही कोणाची? पहिलं नाव म्हणजे म्होरक्या, आणि म्होरक्याचं काय होतं हे पोरांनी घरी-दारी पाहिलेलं. ही भीती फुकाची नव्हती. वह्या सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी संस्थेतल्या कुणीतरी त्या मुलीच्या गावच्या सरपंचाला फोन केला, सरपंचाने तिच्या आजीला गाठलं: "पोरगी शिकायला जाती का पुढारपण करायला?" आई-वडील तेव्हा कोल्हापूरकडे उसाच्या फडावर. आजीने निरोप ऐकला आणि संध्याकाळी नातीला एवढंच विचारलं, की तू खोटं काही लिहिलंयस का. नाही म्हटल्यावर विषय संपला. सगळ्याच घरांत असा संपला नसता. मग एका मुलाने सुचवलं, सह्या गोलात करू. कागदाच्या मध्यभागी मजकूर, भोवती सूर्याच्या किरणांसारख्या सह्या. पहिली कोणती आणि शेवटची कोणती, कळायला वाव नाही. निवेदन असं विचित्र दिसत होतं की मोठ्या बाबूंनी ते घ्यावं का नाही म्हणून प्राचार्यांना विचारलं.

घेतलं. आणि इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट: दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतला. पुढच्या वर्षभरात "असं काही आमच्याकडे आलंच नाही" हे वाक्य तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकायला मिळालं आणि तिन्ही वेळा तो शिक्का कामी आला. एका निवेदनाच्या प्रती तहसीलला आणि उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात गेल्या. तहसीलदारांनी चहा पाजला आणि हे आमच्याकडे येत नाही म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं.

फॉर्मची तारीख जवळ आली तेव्हा भरायला पैसेच नाहीत अशी चाळीसच्या आसपास नावं वहीत होती. संस्थेने हात वर केले. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढायचं ठरवलं आणि मला वाटलं, सुटला प्रश्न. तर ती मुलगी म्हणाली, "सर, ही मदत झाली. आम्ही मदत नाही मागितली, शासनाने माफ केलंय ते मागितलं." मला राग आला, खोटं कशाला सांगू. खिशातले पैसे काढून वर बोलणी कशाला खायची? दोन दिवसांनी तिचं म्हणणं पटलं. वर्गणी जमवली, पण ती उसनवार म्हणून वहीत लिहिली: परतावा आल्यावर ही रक्कम जमा होईल आणि पुढच्या वर्षी अशाच मुलांसाठी वापरली जाईल. घेणाऱ्याने सही केली, देणाऱ्यानेही.

फेब्रुवारीत अखेर विद्यापीठाचं परिपत्रक आलं. पात्र विद्यार्थ्यांची यादी, रहिवासाचा पुरावा, बँक खात्याचा तपशील, आणि आठवडाभराची मुदत. कार्यालयाने यादी केली. ती भिंतीवर लागली आणि दुपारपर्यंत आंदोलन दोन गटांत फुटायच्या बेताला आलं.

कारण असं. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्गीय मुलांचं परीक्षा शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून भरून येतं, म्हणून कार्यालयाने त्यांना सरसकट वगळलं होतं. कागदावर तर्क ठीक. एकाच शुल्काचा परतावा दोनदा कसा द्यायचा? पण आमच्याकडे शुल्क आधी सगळ्यांकडूनच भरून घेतलं जायचं, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज नव्या ऑनलाइन प्रणालीत अडकलेले. कितीतरी मुलांना गेल्या वर्षीचंही आलं नव्हतं. त्या वर्षी आरक्षणाच्या प्रश्नावर सगळा जिल्हा आधीच तापलेला. यादीखाली उभी राहिलेली पोरं एकमेकांची आडनावं मोजायला लागली. "बघा, त्यांचंच नाव" हे दोन्ही बाजूंनी ऐकू आलं.

ही माझी दुसरी चूक. शिष्यवृत्तीची ही गुंतागुंत मला जानेवारीतच माहीत होती. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हाच सांगायला हवी होती. पोरांना आणखी गोंधळात कशाला टाकायचं म्हणून मी गप्प राहिलो.

तो दिवस पंपावरच्या मुलाने सावरला. त्याने आपल्या मित्रांना घेऊन वह्यांतून वगळलेली नावं काढली आणि एक वेगळी यादी केली: शिष्यवृत्ती मंजूर झालेले, मंजूर न झालेले, अर्जच न भरता आलेले. मागणी अशी केली की ज्यांची मंजुरी नाही त्यांना माफीच्या यादीत धरा. मंजुरी आली तर वजा करा. प्राचार्यांनी ही दुसरी यादी जोडपत्र म्हणून पाठवली. टाळं घेऊन आलेल्या मुलाने तीन रात्री पंपावरच्या खुर्चीत बसून रकाने आखले, हे मला फार आवडलं होतं.

आचारसंहिता

यादी गेली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. माहितीच्या अधिकारात अर्ज केला: यादी कधी पाठवली, किती नावं, परतावा कधी, शुल्क कोणत्या खात्यात, आधीच्या दुष्काळात काय झालं, सगळं एका दमात दोन पानं. उत्तर आलं की अर्ज नियमात बसत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. मसुदा मीच तपासला होता. मग तीन अर्ज केले, प्रत्येकावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रत्येकात एक प्रश्न.

दरम्यान मार्च उजाडला. पोरांनी मार्चच्या मध्याला तहसीलसमोर धरणं धरायचं ठरवलं, आणि 10 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. पोलिसांनी सांगितलं, पोलीस कायद्याच्या कलम 37 चा जमावबंदीचा आदेश आहे, पाच किंवा जास्त माणसं जमली तर गुन्हा. धरणं बारगळलं. संघटनेवाले म्हणाले, गुन्हे घेऊ अंगावर, निवडणुकीच्या तोंडावर चांगलंच गाजेल. त्यांचं गाजलं असतं. पोरांना पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत ते गुन्हे भोवले असते.

तेव्हा कुणीतरी हसत म्हणालं, पाच चालत नाहीत ना, चार तर चालतात. त्यातून "चौघांची हजेरी" निघाली. रोज सकाळी अकराला चार विद्यार्थी कार्यालयात जायचे. घोषणा नाही, फलक नाही. एकच प्रश्न: परतावा यादीचं काय झालं? मिळालेलं उत्तर तारीख-वेळेसह वहीत बाबूंच्या समोरच लिहायचं, "धन्यवाद सर" म्हणायचं आणि तासाला जायचं. दुसऱ्या दिवशी दुसरे चौघे. परीक्षेच्या दिवसांतही खंड पडू दिला नाही. ज्यांचा पेपर नसेल ते जायचे. पहिले पाच-सहा दिवस वहीत "माहिती नाही", "साहेब रजेवर", "उद्या या". एके दिवशी "इंटरनेट बंद". मग मोठ्या बाबूंना स्वतःलाच ते वाचवेना. रोज आपलंच उत्तर आपल्यासमोर लिहिलेलं बघायचं म्हणजे काय! त्यांनी विद्यापीठात फोन लावला आणि लागलेला फोन स्पीकरवर ठेवला.

तिथून खरी गोष्ट कळली, आणि माहिती अधिकाराच्या उत्तरानेही पुढे तीच सांगितली: यादी मुदतीत गेली होती, पण निम्म्या नावांपुढे खाते क्रमांक नव्हते म्हणून परत आली होती. परत आलेलं टपाल आमच्याच कार्यालयात, निवडणुकीच्या प्रशिक्षणाच्या पत्रांखाली पडलेलं.

खाते क्रमांक मिळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात जास्त माणसं त्यालाच लागली. मुलं फडावर, काही जनावरांसोबत चारा छावणीवर. कुणाचं खातं वर्षभर व्यवहार नसल्याने बंद, कुणाच्या आधारवर आडनाव वेगळं. छावणीवरच्या पोरांकडे पासबुकाचा फोटो मागायला दोघे मोटारसायकलवर गेले आणि येताना तिथल्या दाव्यांची, पेंढ्यांची, रात्रीच्या हजेरीची अशी वर्णनं घेऊन आले की तो एक वेगळाच विषय होईल.

हाती काय आलं

हिवाळी परीक्षेचा परतावा पुढच्या शैक्षणिक वर्षात दोन हप्त्यांत आला. उन्हाळीचा त्यानंतर, आणि सगळ्यांचा नाही. जोडपत्रातल्या मुलांपैकी काहींना मिळाला. नदीपलीकडच्या तालुक्यातल्या ज्यांचं गाव कुठल्याच यादीत नव्हतं त्यांना अर्थातच नाही. ते शेवटपर्यंत हजेरीला येत राहिले, हे नोंदवून ठेवतो.

बऱ्याच रकमा बँकेतून परतल्या. कारण शोधायला आठवडा गेला. आमच्याकडे निम्म्या गावाचं खातं "हैदराबाद बँकेत", म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये. ती बँक 1 एप्रिल 2017 लाच स्टेट बँकेत विलीन झाली होती, पण लोकांकडची पासबुकं जुनी, त्यांवरचा आयएफएससी (शाखेचा कोड) जुना, आणि यादीत तोच उतरलेला. तोवर तिसऱ्या वर्षाची मुलं टीसी घेऊन पुण्याकडच्या चाकण, रांजणगावला कामाला लागलेली. फोन नंबर बदललेले. मार्च 2020 ला टाळेबंदी आली आणि पाठपुरावा थांबला. काही रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात पडून राहिली.

उसनवारीच्या नोंदींपैकी निम्म्याहून थोड्या जास्त वळत्या झाल्या. "इतर" मधले 50 रुपये पुढच्या वर्षीही पावतीवर आले नाहीत.

कुठे वेगळं करता आलं असतं

नोव्हेंबरमध्येच, म्हणजे परिपत्रकाची वाट न बघता, विद्यापीठाला एका ओळीचं पत्र लिहून विचारायला हवं होतं की उन्हाळी फॉर्मचं चलन शून्य रकमेचं निघणार का. तेव्हा प्रणालीत बदल करायला वेळ होता. जानेवारीत तो कुणाच्याच हातात नव्हता.

वह्यांमध्ये पहिल्याच दिवशी खाते क्रमांक घेतला असता तर फेब्रुवारीतली यादी परत आलीच नसती. "पैसे कुठून आणले" हा रकाना सुचला, "पैसे कुठे पाठवायचे" हा सुचला नाही. मिळतील असा विश्वास आमच्यापैकी कुणालाच नव्हता, त्यामुळे असेल.

संघटनेला पूर्ण बाहेर ठेवलं ते बरोबर होतं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. त्यांच्या जिल्ह्याच्या ओळखी वापरल्या असत्या तर टपालाखाली पडलेलं पत्र कदाचित पंधरा दिवस आधी सापडलं असतं. त्याची किंमत काय मोजावी लागली असती, तेही सांगता येत नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव: काम पुढच्या वर्गाकडे सोपवलंच नाही. ती मुलगी एमएस्सीला दुसऱ्या जिल्ह्यात गेली, पंपावरचा मुलगा भरतीच्या तयारीला. जाताना त्यांनी वह्या माझ्याकडे दिल्या आणि मी त्या रासेयोच्या कपाटात ठेवल्या. कपाटात ठेवणं म्हणजे सोपवणं नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

31 ऑक्टोबर 2023 ला पुन्हा दुष्काळ जाहीर झाला, या वेळी 40 तालुक्यांत. आमचा त्यांत नव्हता. 10 नोव्हेंबरला आणखी 1021 महसूल मंडळं आली, त्यांत आमच्या तालुक्यातली काही. दुसऱ्या दिवशी प्रथम वर्षाच्या दोन मुली स्टाफरूममध्ये आल्या. त्यांच्या वर्गातल्या एकीची मोठी बहीण 2018 ला इथेच होती म्हणे. कपाट उघडलं, वह्या काढून दिल्या. त्यांतल्या एकीने तिथेच उभ्या-उभ्या नवी वही आखायला घेतली. नाव, वर्ग, गाव; मग थांबून विचारलं, "सर, तालुका लिहायचा का मंडळ?"

"दोन्ही," मी म्हणालो. "आणि पासबुकाचा फोटो आजच मागून घ्या."